व्हेंचर कॅपिटल : पैसा घेताना मालकी किती द्यायची?

बँकेचे कर्ज धंदा चालो वा न चालो, व्याजासह फेडावे लागते. व्हेंचर कॅपिटलमध्ये सहसा हप्ते नसतात. पैशाच्या बदल्यात कंपनीच्या मालकीचा हिस्सा द्यावा लागतो. तारण ठेवायला जमीन नाही, भांडवल देणारा नातेवाईक नाही, अशा घरातील तरुणाला हा मार्ग सोपा वाटतो. पण दिलेला हिस्सा सहसा परत मिळत नाही. म्हणून हे गणित आधी समजून घेतले पाहिजे.

कोणत्या धंद्याला हा पैसा मिळतो?
आपण पैसे घातलेल्या बऱ्याच कंपन्या बुडतील, एखाद-दुसरीच अनेक पटींनी वाढेल, हे गुंतवणूकदार धरूनच चालतो. त्यामुळे झपाट्याने वाढू शकणारा धंदाच त्याला हवा असतो. दुकान, क्लास किंवा लहान कंत्राटाच्या कामाला बँकेचे कर्जच बरे. शिवाय हिस्सा शेअरच्या रूपात द्यायचा असल्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते.

हिस्सा कसा घटतो?
समजा, गुंतवणुकीपूर्वी कंपनीचे मूल्य ८० लाख रुपये ठरले आणि गुंतवणूकदाराने २० लाख घातले. आता मूल्य १ कोटी झाले. त्याचा हिस्सा २० टक्के, तुमचा ८०. पुढच्या फेरीत पुन्हा २० टक्के दिले की तुमचे ६४ उरतात. कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के राखले की ५७.६. तिसऱ्या फेरीत आणखी २० टक्के दिले की उरतात सुमारे ४६ टक्के.

कंपनी कायदा, २०१३ नुसार साध्या ठरावाला निम्म्याहून अधिक मते लागतात, तर विशेष ठरावाला बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. म्हणजे २५ टक्क्यांहून जास्त मते असलेला एकटा गुंतवणूकदारही विशेष ठराव अडवू शकतो.

आपल्यासाठी ५१ टक्के का महत्त्वाचे?
केंद्र सरकारने २०१५ मध्ये अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी व्हेंचर कॅपिटल फंड सुरू केला. त्याअंतर्गत ३० सप्टेंबर २०२० रोजी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झाले. त्यात निवडलेल्या नवउद्योगाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल देण्याची तरतूद करण्यात आली. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे हे दार आपल्यालाही खुले आहे. मात्र अट अशी की कंपनीत अनुसूचित जातीच्या उद्योजकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. वरच्या उदाहरणात तिसऱ्या फेरीनंतर ही पात्रता गेली. म्हणून अशा निधीचा विचार पहिल्या टप्प्यातच करावा आणि अर्जापूर्वी चालू अटी तपासाव्यात.

याच अटीमुळे एक धोकाही आहे. "जातीचा दाखला तुझा, पैसा आमचा," म्हणत कोणी कागदावर ५१ टक्के देऊ करील. बँक खाते आणि निर्णय त्याच्या हाती, संचालक म्हणून कायदेशीर जबाबदारी मात्र तुमच्यावर. अशा कागदावर सही करू नये.

सही करण्यापूर्वी
- सहसंस्थापकांचे शेअर एकदम पक्के करू नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, पहिले वर्ष पूर्ण झाल्यावरच सुरुवात, ही रूढ पद्धत आहे. अर्ध्यात सोडून जाणारा मोठा हिस्सा घेऊन जात नाही.
- खात्यातील रक्कम भागिले महिन्याची तूट, म्हणजे तुमच्या हाती उरलेले महिने. सहा महिने उरेपर्यंत थांबलात तर घासाघीस करण्याची ताकद उरत नाही.
- कंपनी विकली गेल्यास आधी कोणाला किती पैसे मिळतील, हे कलम नीट वाचा.
- करार स्वतःच्या वकिलाला दाखवा. गुंतवणूकदाराचा वकील त्याचे हित पाहतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी. बाहेरचा पैसा आला तरी तो चौथा भाग मोडू नये. हाताशी राखीव काही असेल तरच वाईट कराराला नाही म्हणता येते.