युद्धपटावरील खेळाचे समाधान कशात असते? प्रशियातील ‘क्रीग्सश्पील’च्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर काहीही झाकलेले नसते. प्रतिपक्षाचा हत्ती कोठे उभा आहे, उंटाची वाट मोकळी आहे की नाही, प्यादी किती उरली, हे दोन्ही खेळाडूंना सारखेच दिसते. युद्धभूमीवरील सेनापतीला मात्र यांपैकी फारच थोडे ठाऊक असते. हत्ती, घोडदळ, रथ व पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून भारतात चतुरंगाची कल्पना निर्माण झाली; परंतु कालौघात हा खेळ शुद्ध तर्काचा झाला व युद्धाशी त्याचे नाते नावापुरते उरले. ते नाते पुन्हा जोडण्याचे गंभीर प्रयत्न अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जर्मन भाषक प्रदेशात झाले. त्यांतून आजचा ऐतिहासिक युद्धखेळ घडला. हा खेळ शिकण्यास कठीण व खेळण्यास प्रदीर्घ असतो, तरीही त्यात खेळाडूला समाधान का लाभते, या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘क्रीग्सश्पील’ची जडणघडण

ब्रन्सविक येथील हेलविग याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट विस्तारून त्यावर निरनिराळे भूप्रदेश दर्शविले. प्रशियाच्या सेवेतील गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म यास एक भव्य मेज सादर केले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते व गावे दाखविणारे सुटे तुकडे हवे तसे जुळविता येत. मात्र या खेळास सैनिकी शिक्षणाचे साधन बनविले ते त्याच्या तोफखान्यातील अधिकारी पुत्राने. १८२४ मध्ये त्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली. चौकटींचा पट जाऊन १ : ८००० प्रमाणाचा नकाशा आला, म्हणजे भूमीवरील १ किलोमीटर अंतर नकाशावर साडेबारा सेंटिमीटर भरे. प्रत्येक खेळी प्रत्यक्षातील २ मिनिटांची मानली जाई. सैन्यदलांसाठी तांबडे व निळे ठोकळे होते आणि हानी ठरविण्यासाठी फासे होते. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी हा केवळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय दिल्याचे सांगितले जाते.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे पंच. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे लेखी देत आणि शत्रूची जी पथके दृष्टिपथात येत तेवढीच पंच नकाशावर मांडी. त्यामुळे टेकडीपलीकडे काय आहे याचा अंदाज बांधूनच निर्णय घ्यावा लागे. दिलेला हुकूम पोहोचण्यास वेळ लागे व तोवर परिस्थिती पालटलेली असे. अज्ञान, विलंब व दैव हे तीन घटक बुद्धिबळात नाहीत. क्रीग्सश्पीलमध्ये तेच केंद्रस्थानी आले. अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी स्वतः पत्करणे, हे या खेळातील समाधानाचे पहिले कारण होय.

नियम आणि विवेक

तथापि, नियमांचा पसारा वाढला तसा खेळ रेंगाळू लागला. प्रत्येक चकमकीसाठी कोष्टके पाहण्यात अधिकाऱ्यांचा वेळ जाई. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मोल्टकेच्या मुख्यालयात काम केलेले वेर्डी द्यु व्हर्नुआ यांनी १८७६ मध्ये निराळा मार्ग सुचविला. कोष्टके व फासे यांऐवजी अनुभवी पंचाने आपल्या विवेकानुसार निर्णय द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. यामुळे गती आली, पण पंचाचा पूर्वग्रह हाच नियम होण्याचा धोकाही आला. लिखित नियम जाचक असला तरी तो सर्वांस दिसतो व त्यावर वाद घालता येतो. विवेकाचे तसे नसते.

विसाव्या शतकात नागरिकांसाठी निघालेल्या खेळांनी लिखित नियमांचा मार्ग स्वीकारला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ काढला व १९५८ मध्ये त्यांच्या ॲव्हलॉन हिल या संस्थेने ‘गेटिसबर्ग’ प्रसिद्ध केला. गुंतागुंतीचे टोक १९७९ मधील रिचर्ड बर्ग यांच्या ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ या खेळात दिसते. त्याचा पूर्ण डाव संपण्यास शेकडो तास लागतात. इटालियन पथकांना पास्ता शिजविण्यासाठी जादा पाणी पुरविण्याचा त्यातील नियम प्रसिद्ध आहे. वाळवंटातील युद्ध पाणी व इंधन यांवर अवलंबून होते, हे सत्य त्यातून ठसते; परंतु हिशेब ठेवण्यातच शक्ती खर्ची पडली तर निर्णयाला अवकाश उरत नाही. तेव्हा तपशिलाची विपुलता हे समाधानाचे कारण नव्हे. ज्या तपशिलामुळे निर्णय बदलतो, तोच तपशील सार्थ ठरतो.

निकाल स्वीकारण्याची कसोटी

मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा सराव युद्धखेळाद्वारे केला. फुचिदा व ओकुमिया यांच्या १९५१ मधील वृत्तांतानुसार, फाशांच्या आधारे जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचे ठरले, तेव्हा ॲडमिरल उगाकी यांनी हानी कमी करविली. ४ जून १९४२ रोजी सुरू झालेल्या प्रत्यक्ष लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. या वृत्तांताच्या विश्वसनीयतेविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. शिवाय फाशांचे दान हे भाकीत नसते; उगाकींचा निर्णय संभाव्यतेच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हता, असेही म्हणता येते. परंतु प्रतिकूल निकाल पुसून टाकला की, तसे घडलेच तर काय करावे, हा प्रश्नही पुसला जातो. खेळाचे मोल त्या प्रश्नातच असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ऐतिहासिक युद्धखेळाचे समाधान केवळ विजयात किंवा नियमांच्या पसाऱ्यात नसते. घडले ते अटळ नव्हते, याची जाणीव तो करून देतो. पराभूत सेनापतीला मूर्ख ठरविणारा वाचक त्याच्याइतक्याच माहितीवर निर्णय घेऊ लागला की त्याचा निवाडा सौम्य होतो. कार्यकारणभावाचे असे शिक्षण सनावळ्यांच्या पाठांतरातून लाभत नाही. त्याचबरोबर एक मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. पटावरील ठोकळ्यास वेदना होत नाहीत आणि ज्या गावातून सैन्य जाते तेथील उभ्या पिकाची नोंद सहसा कोणत्याही कोष्टकात नसते. खेळ निर्णयाचे ओझे समजावतो, त्या निर्णयाची किंमत नव्हे. ती किंमत पत्रे, दप्तरे व आठवणी यांतूनच वाचावी लागते. म्हणूनच युद्धखेळ हा इतिहासाच्या अभ्यासास पर्याय नसून पूरक साधन ठरतो.