बहाई–ख्रिस्ती धर्मसंवाद

बहाई–ख्रिस्ती धर्मसंवाद : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इराणात उदय पावलेला बहाई धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या अनुयायांमध्ये शास्त्रार्थ, ख्रिस्ताचे स्वरूप आणि ईश्वरी प्रकटीकरणाचा क्रम या विषयांवर, परस्परांच्या श्रद्धेचा मान राखून, सुमारे दीडशे वर्षे चालत आलेला विचारविनिमय. हिंदू आणि ख्रिस्ती, किंवा बौद्ध आणि ख्रिस्ती, समोरासमोर बसतात तेव्हा दोघांच्या हाती दोन वेगळे ग्रंथ असतात. येथे मात्र नवा करार हा एकच ग्रंथ दोघांच्याही हाती असतो आणि दोघेही तो ईश्वरप्रेरित मानतात. त्यामुळे या संवादाला परक्यांच्या भेटीचे रूप न येता, एकाच सनदेचा अर्थ लावणाऱ्या दोन वारसांच्या बैठकीचे रूप येते. आणि अशा बैठकीत जी जवळीक असते आणि जी तीव्र वेदनाही असते, त्या दोन्ही या इतिहासात पानोपानी आढळतात.

शिराझचे सय्यद अली मुहंमद, म्हणजेच बाब, यांनी २३ मे १८४४ रोजी आपले धर्मकार्य जाहीर केले आणि ९ जुलै १८५० रोजी तबरीझ येथे त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांच्या अनुयायांपैकी मिर्झा हुसेन अली नूरी (१८१७–१८९२) हे पुढे बहाउल्लाह या नावाने प्रसिद्धीस आले. तेहरानच्या भुयारी कैदखान्यातून बगदाद, तेथून इस्तंबूल, एदिर्ने आणि अखेर पॅलेस्टाइनमधील अक्का अशी त्यांची हद्दपारी झाली. बगदादच्या वास्तव्यात, १८६१-६२ च्या सुमारास, त्यांनी ‘किताब-ए-इकान’ हा ग्रंथ लिहिला. तो बाब यांच्या मामांच्या शंकांना उत्तर म्हणून लिहिलेला, म्हणजे लेखक आणि पृच्छक दोघेही मुस्लिम परंपरेतले. तरीही त्याचा आरंभीचा मोठा भाग मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायाच्या विवरणास वाहिलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी होय. सूर्य काळवंडणे, चंद्राने प्रकाश न देणे, ताऱ्यांचे पतन आणि मनुष्याच्या पुत्राचे मेघांवर येणे, या वर्णनांचा अर्थ तेथे रूपकात्मक केला आहे: सूर्य-चंद्र-तारे म्हणजे जुन्या धर्मव्यवस्थेचे विधी आणि तिचे निस्तेज झालेले धर्माधिकारी, आणि मेघ म्हणजे रूढ समजुतींना धक्का देणाऱ्या त्या गोष्टी, ज्यांच्याआड नवागत सत्य माणसांना दिसेनासे होते. पुढील सर्व बहाई युक्तिवादाचा पाया हा ग्रंथ असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो मुंबईत शिळाछापावर छापला गेला, याची नोंद मराठी वाचकाने अगत्याने घ्यावी.

ख्रिस्ती जगाला उद्देशून बहाउल्लाह यांनी थेट लेखनही केले. १८६९ च्या सुमारास त्यांनी पोप नववे पायस यांच्या नावे खलिता लिहिला. त्यात राजवैभव सोडून देण्याचे आवाहन आहे, आणि येशूच्या काळी परूशांनी जे केले त्याची पुनरावृत्ती होऊ नये, असा इशाराही आहे. ‘लौह-ए-अकदस’ हा लेख ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र म्हणून ओळखला जातो. याहून मनोवेधक प्रकरण हैफा येथील जर्मन टेम्पलर मंडळाचे आहे. ख्रिस्ताचे पुनरागमन समीप आले आहे अशा दृढ विश्वासाने हे लोक आपली घरेदारे सोडून कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी येऊन राहिले, ते वर्ष १८६८; आणि त्याच वर्षी, उपसागराच्या पलीकडच्या काठावर, अक्क्याच्या तुरुंगात बहाउल्लाह यांना कैदी म्हणून आणले गेले. या मंडळाचे एक पुढारी गेओर्ग डेव्हिड हार्डेग यांना उद्देशून बहाउल्लाह यांनी लिहिलेला लेख उपलब्ध आहे. एकाच समुद्राच्या दोन काठांवर एक पक्ष वाट पाहत होता, आणि ज्याची वाट पाहिली जात आहे तो आपणच, असे दुसरा सांगत होता. या संवादाची सारी करुणा आणि सारा पेच त्या प्रसंगात आधीच एकवटला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकेत बहाउल्लाह यांचे नाव प्रथम व्यासपीठावरून उच्चारले गेले ते एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या निबंधात. २३ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत, म्हणजे जेथे विवेकानंद आणि मुंबईचे ब्राह्मसमाजी प्रचारक बी. बी. नगरकर हेही उपस्थित होते त्याच परिषदेत, सीरियातील प्रेस्बिटेरियन मिशनरी हेन्री जेसप यांचा निबंध त्यांच्या सहकाऱ्याने वाचून दाखविला. केंब्रिजचे फारसी पंडित एडवर्ड ब्राउन हे १८९० साली अक्क्याजवळील बाहजी येथे बहाउल्लाह यांना भेटले होते. सर्व राष्ट्रांनी एका श्रद्धेत यावे आणि सर्व मानवांनी भाऊ व्हावे, हा त्या भेटीत ऐकलेला आशय उद्धृत करून जेसप यांनी आपल्या निबंधाची सांगता केली. स्वतः जेसप बहाई मताचे पुरस्कर्ते कधीच नव्हते. परक्या मुखातील चांगले वचन चांगले म्हणून सांगण्यास आपल्या धर्मनिष्ठेची आडकाठी त्यांना वाटली नाही, एवढेच. आणि हे ‘एवढेच’ थोडे नव्हे.

बहाउल्लाह यांचे पुत्र अब्दुल-बहा (१८४४–१९२१) यांच्या काळात या विचारविनिमयाला खऱ्या अर्थाने प्रश्नोत्तरांचे स्वरूप आले. १९०४ ते १९०६ या वर्षांत अक्क्यात, ते नजरकैदेत असताना, लॉरा क्लिफर्ड बार्नी या अमेरिकन विदुषीने भोजनाच्या वेळी त्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे १९०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कुमारीपासून झालेला जन्म, बाप्तिस्मा, प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस, चमत्कार, पुनरुत्थान, त्रैक्य, आदामाचे पाप अशा विषयांना त्यात एक स्वतंत्र विभागच दिलेला आहे. मुक्ततेनंतर १० सप्टेंबर १९११ रोजी लंडनच्या सिटी टेंपल या चर्चमध्ये रेव्हरंड आर. जे. कॅम्बेल यांच्या निमंत्रणावरून त्यांनी आयुष्यातील पहिले जाहीर भाषण केले आणि तेथील व्यासपीठावरच्या बायबलमध्ये स्वहस्ते फारसीत अभिप्राय लिहिला. पुढच्याच रविवारी वेस्टमिन्स्टरच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये आर्चडीकन विल्बरफोर्स यांनी त्यांना भाषणास आणि अखेरच्या आशीर्वचनास पाचारण केले. १४ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या चर्च ऑफ द असेन्शनमध्ये ते बोलले. पण या प्रवासातील सर्वांत धाडसी भाषण चर्चमध्ये झालेच नाही. १२ ऑक्टोबर १९१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एमानु-एल या यहुदी मंदिरात त्यांनी यहुदी श्रोत्यांना विनविले की, ख्रिस्ताने मोशेचे नाव आणि तोराह जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविले, तेव्हा तो ईश्वराचा शब्द होता असे मानण्यात तुमची हानी कोणती? ज्या सभेत ख्रिस्ताची स्तुती करून टाळ्या मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती तेथे ती केली गेली, म्हणून बहाईंची ख्रिस्तभक्ती ही ख्रिस्ती लोकांना आपलेसे करण्याची युक्ती आहे, हा आक्षेप या एका प्रसंगापुढे तरी टिकत नाही.

सिद्धांतांच्या क्षेत्रात उभय पक्षांचे साम्य सामान्य समजुतीपेक्षा अधिक आहे आणि भेद त्याहूनही खोल आहे. बहाई मतात ख्रिस्ताचा कुमारी मरियेपासून झालेला जन्म मान्य आहे. त्याचे वधस्तंभावरील मरण मान्य आहे, आणि हे विशेष, कारण ज्या इस्लामी परिसरात हा धर्म जन्मला तेथील रूढ मत ते नाकारते. पेत्राचे शिष्यांतील अग्रस्थानही मान्य आहे. १९२१ पासून १९५७ पर्यंत बहाई समाजाची धुरा वाहणारे शोघी एफेंदी यांनी १९४१ मधील आपल्या लेखनात या मान्यतांचा स्पष्ट शब्दांत उच्चार केला. तथापि पुनरुत्थानाचा प्रश्न येताच वाट दुभंगते. अब्दुल-बहा यांच्या मते ख्रिस्ताचा ‘देह’ म्हणजे त्याचे धर्मकार्य. तो वधस्तंभावर गेल्यावर गोंधळलेल्या शिष्यांच्या हातून ते तीन दिवस निश्चेष्ट पडले आणि त्यांना धैर्य येताच पुन्हा जिवंत झाले. ख्रिस्ती मनुष्य हे ऐकून पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडतो आणि म्हणतो की, कबर रिकामी झाली नसेल तर माझा विश्वास व्यर्थ आहे. या ठिकाणी दोघांनी एकमेकांस सूट देण्याचा प्रयत्न करू नये. जो तसा करतो त्याला समोरच्याचे म्हणणे कळलेले नसते.

पुनरागमनाविषयीचा बहाई युक्तिवाद मोठा रेखीव आहे. एलीया परत येणार असे भविष्य होते. तो आकाशातून उतरला नाही, तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने आला असे स्वतः येशूने सांगितले. यावरून व्यक्ती परतत नसून तिचे गुणधर्म परततात, असे बहाई म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात ज्या कैवाऱ्याचे, म्हणजे सत्याच्या आत्म्याचे, आश्वासन आहे तेही बहाउल्लाह यांना लावले जाते. ख्रिस्ती उत्तर असे की, ते आश्वासन पन्नासाव्या दिवशी, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, पूर्ण झाले, आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येशू जसा वर गेला तसाच येईल असे म्हटले आहे. उभय पक्षांची वचने खरी आहेत. कोणते वचन अक्षरशः घ्यावे आणि कोणते रूपकाने, याचा निवाडा करणारा कोणी तिसरा मात्र येथे नाही.

मराठीत हा भेद मांडताना शब्दांचीच अडचण पडते. ईश्वराच्या संदेशवाहकाला बहाई परिभाषेत ‘मझहर’ म्हणतात. आपला ‘जाहीर’ हा शब्द त्याच अरबी धातूपासून आलेला आहे, आणि जेथे ईश्वर जाहीर होतो ते स्थान, असा त्याचा अर्थ. स्वच्छ आरशात सूर्य दिसतो, पण सूर्य आकाशातून आरशात उतरत नाही, हा याविषयीचा त्यांचा आवडता दृष्टांत. भारतात पुष्कळदा यासाठी ‘अवतार’ शब्द वापरला जातो. परंतु त्यात खाली उतरणे आहे, जे बहाई नाकारतात आणि ख्रिस्ती अगदी निराळ्या अर्थाने, शब्द देही झाला या एकमेव घटनेपुरते, मानतात. म्हणून आरशाचा दृष्टांत ऐकताना ख्रिस्ती मनाला जी उणीव जाणवते ती हट्टाची नव्हे. त्याच्या दृष्टीने सूर्य खरोखरीच एकदा घरात आला होता.

या संवादातील खरी विषमता येथेच आहे. बहाई धर्माच्या क्रमिक प्रकटीकरणाच्या मालिकेत ख्रिस्ताला उच्च आसन आहे; ख्रिस्ती धर्माच्या मांडणीत बहाउल्लाह यांना आसनच नाही, कारण ते ख्रिस्तानंतर आले आणि त्या मांडणीत ख्रिस्तानंतर उरते ती केवळ समाप्ती. बहाई माणसाला आपण सर्व काही मान्य केले असे वाटते. ख्रिस्ती माणसाला आपले सर्वस्व कोणाच्या तरी प्रस्तावनेत बसविले गेले असे वाटते. यहुदी मनुष्याला ख्रिस्ती धर्मापुढे अठरा-एकोणीस शतके जे वाटत आले, तेच येथे ख्रिस्ती मनुष्य अनुभवतो. हे ज्या बहाईंनी आणि ज्या ख्रिस्ती लोकांनी ओळखले, त्यांच्याच बोलण्याला आदराची खोली आली.

या विषमतेची किंमत एका व्यक्तीने आयुष्यभर मोजली. आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चमधील धर्माधिकारी जॉर्ज टाउनशेंड (१८७६–१९५७) हे डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे कॅनन आणि क्लॉनफर्टचे आर्चडीकन होते; गॅलवे परगण्यातील एका खेड्यात त्यांचे वास्तव्य होते. बहाउल्लाह यांच्या ठायी ख्रिस्ताच्याच वचनांची पूर्तता आहे असा त्यांचा निश्चय झाला, तरीही आपल्या चर्चने हे आतूनच ओळखावे या आशेने ते वर्षानुवर्षे पदावर राहिले. १९३४ मधील त्यांचे पहिले बहाई पुस्तक टोपणनावाने निघाले. इकडे शोघी एफेंदी यांच्या मार्गदर्शनाने बहाई समाजात चर्चचे आणि बहाई समाजाचे अशा दुहेरी सभासदत्वाची वहिवाट बंद झाली होती. सत्तरी ओलांडल्यावर, १९४७ साली, टाउनशेंड यांनी पद, वेतन आणि राहते घर सोडले. मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ख्राइस्ट अँड बहाउल्लाह’ या ग्रंथात चर्चच्या इतिहासाविषयी जे कठोर शब्द आहेत त्यांच्याशी सहमत होणे ख्रिस्ती वाचकास अवघड आहे. परंतु ते शब्द त्या घरातच वाढलेल्या माणसाचे आहेत, हे ध्यानी ठेवून ते वाचावेत.

ख्रिस्ती बाजूकडून झालेले टीकालेखन बहुतांशी इराणातील मिशनऱ्यांचे आहे. सॅम्युएल ग्रॅहम विल्सन यांचा ग्रंथ १९१५ मध्ये, तर विल्यम मॅकएल्वी मिलर यांचे ग्रंथ १९३१ आणि १९७४ मध्ये निघाले. मिलर यांनी इराणात दीर्घकाळ काढला होता, फारसी दस्तऐवजांशी त्यांचा परिचय होता, आणि बहाई इतिहासातील उत्तराधिकाराच्या वादांकडे त्यांनी लक्ष वेधले. मात्र बहाईंच्या विरोधकांची साक्ष त्यांनी फार सहज ग्राह्य धरली, हा बहाई अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. उलटपक्षी, बायबलमधील कालगणना १८४४ या सालापर्यंत आणून भिडविणारे लोकप्रिय बहाई वाङ्मयही ख्रिस्ती शास्त्राभ्यासाची पुरेशी दखल घेत नाही.

संस्थात्मक पातळीवरील हकिकत थोडक्यात सांगता येते. अमेरिकेतील बहाईंनी १९५० मध्ये जानेवारीचा तिसरा रविवार विश्वधर्मदिन म्हणून पाळण्यास आरंभ केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात बहाई धर्माचा नामनिर्देश नाही. एप्रिल २००२ मध्ये बहाई समाजाची सर्वोच्च संस्था असलेल्या हैफा येथील विश्व न्याय मंदिराने जगातील धर्मनेत्यांस पत्र पाठवून धार्मिक द्वेषाविरुद्ध निःसंदिग्ध भूमिका घेण्याची विनंती केली. महाराष्ट्रात पाचगणी येथे बहाईंनी १९४५ मध्ये स्थापन केलेली न्यू एरा शाळा आणि ख्रिस्ती संस्थांच्या जुन्या शाळा एकाच पठाराखाली नांदतात.

इराणात मात्र हा विषय ग्रंथार्थापुरता उरत नाही. १९७९ नंतरच्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमाने झरथुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती यांना अल्पसंख्य धर्म म्हणून मान्यता दिली. बहाईंना ती नाही. १९८० मध्ये तेथील अँग्लिकन बिशप हसन देहकानी-तफ्ती यांच्या तरुण मुलाची हत्या झाली. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आले. इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्या इराण्यास ते तेरावे कलम प्रत्यक्षात आश्रय देत नाही, आणि म्हणून त्याची व त्याच्या बहाई शेजाऱ्याची स्थिती तेथे बरीचशी सारखी आहे.