३४४१ वर्षांची बखर

२०२४ च्या सप्टेंबरातील गोष्ट. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना चालू होती. मंडपाला माळा बांधण्यासाठी आलेली आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी काम आटोपल्यावर चर्चच्या पडवीत बसून एका मालिकेविषयी तावातावाने वाद घालीत होती. 'द रिंग्ज ऑफ पॉवर' हे तिचे नाव. तिचे दुसरे पर्व नुकतेच, २९ ऑगस्टला, सुरू झाले होते. एकाने आम्हांस हटकले, "फादर, तुम्ही ती पुस्तकं वाचलीत ना? पुस्तकात असंच आहे का?"

आम्ही "नाही" म्हणालो आणि साउंडवाल्याकडे वळलो. रात्री जपमाळ झाल्यावर मात्र जाणवले की, नुसते "नाही" म्हणून सुटका व्हायची नाही. ज्या ग्रंथांवर आम्ही तीस वर्षे प्रेम केले, त्यांच्या वतीने बोलायचे तर नेमके काय बिघडले ते सांगता आले पाहिजे.

हे ग्रंथ जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाचे. 'द हॉबिट' १९३७ साली आला आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ व १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मराठीतही मुग्धा कर्णिक यांनी तो 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आणला आहे. आमची व त्याची गाठ पडली ती सेमिनरीत, तत्त्वज्ञानाच्या वर्षांत. ग्रंथालयातील प्रतीला वेष्टन उरले नव्हते आणि तिसऱ्या खंडाची शिवण सुटलेली होती. दिवे मालवल्यानंतर मच्छरदाणीत विजेरी धरून वाचण्याचे पाप आम्ही तेव्हा केले व योग्य ठिकाणी ते कबूलही केले.

तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टे आहेत. राजांच्या वंशावळी, कालगणना, लिपी, असा रूक्ष मजकूर. बहुतेक वाचक तेथे पुस्तक मिटतात, आम्हीही प्रथम मिटले होते. आणि आता गंमत पाहा, एवढी खर्चिक मालिका उभी राहिली आहे ती नेमकी या न वाचलेल्या पानांवर! याचे कारण कायद्यात आहे. २०१७ साली अॅमेझॉन कंपनीने टॉल्किन यांच्या वारसांकडून दूरचित्रवाणीचे हक्क घेतले. सुमारे २५ कोटी डॉलर्सचा हा व्यवहार असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. परंतु हे हक्क 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांपुरतेच होते. लेखकाच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी १९७७ साली संपादून काढलेला 'द सिल्मरिलियन' हा पुराणग्रंथ त्यांत नव्हता. तेव्हा मूळ कादंबरीच्या हजारो वर्षे आधीची कथा सांगायची, तर परिशिष्टांतील चार ओळींचाच आधार.

त्यांतील दुसरे परिशिष्ट ही एक बखरच आहे. डावीकडे साल, उजवीकडे घटना. 'दुसरे युग' ३४४१ वर्षांचे. ३२ व्या वर्षी माणसे समुद्र ओलांडून न्यूमेनॉर बेटावर वस्तीला येतात. ४४२ मध्ये त्यांचा पहिला राजा एलरॉस मरण पावतो. १५०० च्या सुमारास एल्फ लोकांचे कारागीर मायावी अंगठ्या घडवू लागतात. १६०० च्या सुमारास दुष्ट सॉरॉन त्या सर्वांवर हुकमत चालवणारी एक अंगठी गुप्तपणे घडवतो. १६९७ मध्ये कारागिरांचे राज्य बेचिराख होते. त्यानंतर पानावर फारसे काही घडत नाही, पण वर्षे जात राहतात. ३२५५ मध्ये न्यूमेनॉरचा शेवटचा राजा आर-फाराझोन राजदंड बळकावतो, आणि ३३१९ मध्ये ते बेट समुद्राच्या पोटात जाते.

मालिकेने हे सारे एका पिढीत बसवले आहे. अंगठ्या घडवणारा सेलेब्रिम्बॉर आणि न्यूमेनॉर बुडताना तेथून निसटणारे एलेन्दिल व इसिल्दुर हे पितापुत्र तिच्यात समकालीन आहेत. पुस्तकात त्यांच्यामध्ये सोळाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. शिवाजी महाराज आणि सातवाहन एकाच दरबारात बसवावे तसे हे झाले.

निर्मात्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे. डी. पेन आणि पॅट्रिक मॅके हे मालिकेचे दोघे कर्तेधर्ते टॉल्किन यांचे जाणते वाचक आहेत. पहिले पर्व येण्यापूर्वी, २०२२ सालच्या एका मुलाखतीत, त्यांनी आपली अडचण उघड सांगितली होती. मूळ कालगणना पाळली तर दर पर्वाला शतकांच्या उड्या माराव्या लागतील आणि प्रत्येक वेळी मानवी पात्रे मरून गेलेली असतील. मग प्रेक्षकाने जीव लावायचा कोणाला, असा त्यांचा प्रश्न होता. नाटकाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. परंतु आम्ही ते वाचले आणि थबकलो, कारण माणसे मरून जातात, ही त्या युगाच्या कथेतील अडचण नसून तीच मुळी त्या युगाची कथा आहे.

न्यूमेनॉरचा इतिहास थोडक्यात असा. पहिला राजा एलरॉस आणि एलरॉन्ड हे जुळे भाऊ. त्यांच्या अंगात माणसाचे व एल्फांचे असे दोन्ही रक्त होते. एल्फ म्हणजे जे म्हातारे होत नाहीत व जग आहे तोवर जगतात, असे लोक. दोघा भावांना निवड करण्याची मुभा मिळाली. एलरॉन्डने एल्फांचे जिणे पत्करले, एलरॉसने माणसाचे. त्याला ५०० वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्याच्या प्रजेलाही सामान्य माणसाच्या तिप्पट. प्रारंभीचे राजे वेळ आली की राजदंड मुलाच्या हाती देऊन आपण होऊन डोळे मिटत. टॉल्किन यांच्या पुराणात मरण ही शिक्षा नव्हे. ते विधात्याने फक्त माणसाला दिलेले दान आहे.

मग हळूहळू कुरकुर सुरू होते. एल्फांना नाही, मग आम्हांलाच का? तेरावा राजा तार-अतानामिर हा जीव सोडायला तयार नसतो. जगण्यात काही राम उरला नाही तरी तो सिंहासनाला चिकटून बसतो. पुढच्या राजांच्या काळात वैद्य व पंडित मरण लांबवण्याचे उपाय शोधत बसतात. त्यांना फक्त प्रेते टिकवण्याची विद्या साधते. थडगी राजवाड्यांहून भव्य होतात. एल्फांची भाषा निषिद्ध ठरते. हे सर्व एका राजाने केलेले नाही. प्रत्येकाने बापाहून थोडे अधिक केले आहे, आणि कोणालाही आपण फार काही बदलले असे वाटलेले नाही. आर-फाराझोन बंदिवान सॉरॉनला बेटावर आणतो तेव्हा त्याच्या कानी लागण्यापलीकडे सॉरॉनला काही करावेच लागत नाही. हजार वर्षे भिजलेली भिंत ती, एका धक्क्याने कोसळते. अमरत्व हिसकावून घेण्यासाठी राजा देवभूमीवर आरमार नेतो आणि मागे त्याचे बेट बुडते.

मालिकेत बेटावरील असंतोष आहे, एल्फांविषयीचा मत्सर आहे, चौकात त्यावर भाषणेही होतात. नाही ती फक्त शतके. त्यामुळे जे पिढ्यापिढ्यांनी मुरलेले पाप होते, ते एका राजकीय पक्षाचे मत होऊन बसते. भाषण ऐकून लोक भडकले आणि बिघडले, एवढेच प्रेक्षकाला दिसते.

आमच्या धंद्यामुळे आम्हांला हे अधिक खटकत असेल. धर्मग्रामाच्या कार्यालयात मृत्यूंच्या जुन्या नोंदवह्या असतात. एखाद्या कुटुंबाला आजोबांचा दाखला हवा असतो म्हणून आम्ही त्या काढतो आणि शोधता शोधता चार पिढ्या मागे जातो. तेच आडनाव, बहुधा तेच नाव, वयाचा रकाना, दफनाचा दिवस. टॉल्किन यांचे परिशिष्ट वाचताना हाताला हाच कागद लागतो. 'उत्पत्ती'च्या पाचव्या अध्यायातही असेच आहे. मथुशलह ९६९ वर्षे जगला तरी त्याची नोंद इतरांसारखी मृत्यूनेच संपते. एकटा हनोख वेगळा.

टॉल्किन यांना ही दृष्टी पुस्तकांतून लाभलेली नव्हती. १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई मेबल हिने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात काढून घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने तिचा मृत्यू झाला. इन्शुलिनचा शोध लागायला अद्याप अवकाश होता. बारा वर्षांचे रोनाल्ड आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचे पालकत्व तिने बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपवले होते. ही ऑरेटरी म्हणजे संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापलेले मठगृह. आई श्रद्धेपायी झिजून गेली, असे टॉल्किन आयुष्यभर मानीत आले. पुढे १९१६ साली ते सॉमच्या रणांगणावर गेले. युद्ध संपले तेव्हा जिवलग मित्रांपैकी एकच उरला होता.

न्यूमेनॉरची कल्पनाही याच आयुष्यातून आली. एक प्रचंड लाट हिरव्या शेतांवर चाल करून येत आहे, असे स्वप्न त्यांना लहानपणापासून पडे. १९३६ च्या सुमारास त्यांचे मित्र सी. एस. लुइस यांच्याशी त्यांचा करार झाला: एकाने अंतराळप्रवासाची कथा लिहावी, दुसऱ्याने कालप्रवासाची. टॉल्किन यांच्या वाट्याला काल आला. त्यांनी लिहायला घेतलेली कथा बाप आणि मुलगा यांच्या जोड्यांची होती. युगायुगांतून अशा जोड्यांमागून मागे जात ती बुडत्या न्यूमेनॉरपर्यंत पोचणार होती. ती अपुरी राहिली. पुढे आपल्या महाकादंबरीचा खरा विषय सत्ता नसून मृत्यू आणि अमरत्व हाच आहे, असे त्यांनी वाचकांना पत्रांतून कळवले.

काळाशी खेळ केलेला त्यांना मुळीच खपत नसे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या एका नियोजित चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला. त्यावर १९५८ साली त्यांनी पानेच्या पाने टीका लिहून पाठवली. त्यांतील एक तक्रार हीच होती. कथा शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यातून वसंतात जाते, तो क्रम कथेच्या गाभ्याचा आहे, आणि काळ आकसून टाकल्याने तो नष्ट होतो. तारखा ते किती जपून घालीत ते पाहावे. सोबत्यांचा जथा प्रवासाला निघतो २५ डिसेंबरला, आणि दुष्ट अंगठीचा नाश होतो २५ मार्चला, दूतसंदेशाच्या सणाच्या दिवशी. कोठेही त्याचा गवगवा नाही.

मालिकेवर चाहत्यांनी घेतलेले इतर आक्षेप आम्हांला तितके जिव्हारी लागत नाहीत. कृष्णवर्णी नटनट्यांना एल्फ व ड्वार्फ केले म्हणून २०२२ साली मोठा गहजब झाला. कलावंतांना इतक्या हीन शब्दांत धमकावले गेले की, मालिकेच्या चमूला जाहीर निषेध करावा लागला. टॉल्किन यांचे नाव घेऊन हे करणाऱ्यांनी टॉल्किन वाचले आहेत, यावर आमचा विश्वास बसत नाही. गॅलाड्रिएल या एल्फ राणीच्या हाती तलवार दिली, हाही ओरडा झाला. तिच्या चित्रणात पवित्र मरियेच्या प्रतिमेचा अंश आहे हे टॉल्किन यांनी मान्य केले होते, म्हणून आमच्यातील काहींना ते विशेष बोचले. परंतु तिच्या तरुणपणी ती बलदंड, मानी आणि बंडखोर होती, असेही त्यांनीच उत्तरायुष्यात लिहून ठेवले आहे. तो मुद्दा आम्ही सोडून दिला.

आणि एक प्रसंग मात्र असा आहे की, त्यासाठी आम्ही मालिकेला बरेच काही माफ करू. पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात एलरॉन्ड आपला मित्र ड्यूरिन याला भेटायला पर्वताखालील नगरीत जातो. ड्यूरिन हा ड्वार्फांचा, म्हणजे खुज्या कारागीर लोकांचा, राजपुत्र. एलरॉन्डला वाटते, मिठी मारून स्वागत होईल. ड्यूरिन संतापलेला असतो. वीस वर्षे तू फिरकला नाहीस, तो म्हणतो. तुला ती पापणी लवण्याइतकी वाटली असतील. मी त्यांत लग्न केले, मला मुले झाली, तू कशालाच नव्हतास. एलरॉन्डचा चेहरा पडतो. आपण मित्राचे अर्धे आयुष्य चुकवले, हे त्याला त्या क्षणी कळते. शेवटी ड्यूरिनची बायको दीसा त्याला जेवायला थांबवून घेते.

हा प्रसंग परिशिष्टात नाही, 'सिल्मरिलियन'मध्येही नाही. तो लेखकांनी स्वतः रचला आहे, आणि तो अस्सल टॉल्किन आहे. ज्यांनी शतके पुसली त्यांनाच वीस वर्षांचे वजन इतके अचूक दाखवता आले! हे जमत होते, तर जुळा भाऊ पाचशे वर्षांचा होऊन मरताना एलरॉन्डला काय वाटले, आणि त्याचे वंशज एकामागून एक मातीआड जाताना त्याने कसे पाहिले, हेही जमले असते. प्रेक्षकाला दर पर्वाला नवी माणसे भेटली असती व जुन्यांचा वियोग सोसावा लागला असता. घराघरांत दुसरे काय होते?

नोव्हेनेच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्या मुलाला तिसरा खंड दिला आणि परिशिष्टाच्या पानात खूण घातली. आठवड्याने तो पडवीत भेटला. त्याने वहीत साले मांडली होती व वजाबाक्या केल्या होत्या. "फादर," तो म्हणाला, "हे सगळे राजे नुसते मरतातच की!" आम्ही म्हटले, होय. तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले की, त्याच्या पणजोबांची नोंद आपल्या कार्यालयात सापडेल का. सालाचा त्याला अंदाज नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तीन वह्या पाहिल्या, चौथीत ती सापडली. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.