दवाखाना आहे, पण सज्ज आहे का?

आरोग्यसेवेची पाहणी करताना शासन दोन प्रश्न विचारू शकते. पहिला, दवाखाने किती आहेत? दुसरा, त्यांपैकी कोणत्या दवाखान्यात आज, या घडीला उपचार होऊ शकतील? पहिल्याचे उत्तर कार्यालयातील नोंदवहीत मिळते. दुसऱ्यासाठी जागेवर जाऊन औषधांचे कपाट उघडावे लागते. आपल्या प्रशासनाने पहिला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने विचारला. दुसरा नेमाने विचारायला मात्र फार उशीर केला. जबलपूर आणि त्याच्या परिसरात या वाटचालीचे बरेच टप्पे पाहता येतात.

१८१७ साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपूर झाली. त्यामुळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर यांची प्रशासकीय वहिवाट एकच होती. दवाखान्यांचे वार्षिक अहवाल हा त्या वहिवाटीचा भाग. बाहेरून येऊन गेलेले रुग्ण किती, दाखल झालेले किती, शस्त्रक्रिया किती, खर्च किती, असे त्यांचे स्वरूप असे. या लेखनात शिस्त होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु औषध नाही म्हणून जो रुग्ण दारातूनच परत गेला, तो अशा तक्त्यांत कोठेच उमटत नाही. ज्याला स्तंभ नाही, त्याची दखलही नाही.

देशव्यापी पाहणीचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९४३ मध्ये नेमलेली भोर समिती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. १९४६ च्या अहवालातील आकडे बोलके होते. दर हजार लोकसंख्येमागे ब्रिटिश हिंदुस्थानात ०.२४ खाटा, तर इंग्लंड व वेल्समध्ये ७.१४, ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. पण माझ्या मते त्या अहवालातील सर्वांत मोलाचे निरीक्षण वेगळेच आहे. एका दवाखान्यात डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सरासरी ४८ सेकंद देत होते, दुसऱ्यात सुमारे एक मिनिट. दवाखाना होता, डॉक्टर होते, रुग्णही होते. तपासणी मात्र नव्हती. दुसरा प्रश्न समितीने ओझरता का होईना, विचारला होता.

स्वातंत्र्यानंतर आपण उचलले ते मुख्यतः गुणोत्तर. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. १९५५ मध्ये जबलपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे निकष ठरले : सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. निकष आवश्यकच होते. मात्र त्यामुळे इमारत पूर्ण झाली की उद्दिष्ट पूर्ण झाले, अशी समजूत प्रशासनात रुजली.

वास्तविक आरोग्यसेवा ही साखळी आहे. अडलेल्या बाळंतिणीसाठी शस्त्रक्रियागृह आहे, शल्यचिकित्सक आहे, पण भूलतज्ज्ञ रजेवर आहे. अशा वेळी तिच्या दृष्टीने ते रुग्णालय अस्तित्वातच नसते. एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांवरील खर्च त्या रात्रीपुरता वाया जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीपद्धतीत सर्वसाधारण सज्जता पाच अंगांनी तपासतात : पाणी-वीज यांसारख्या मूलभूत सोयी, उपकरणे, संसर्गप्रतिबंध, निदानाची क्षमता आणि अत्यावश्यक औषधे. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर, २००७ मध्ये, सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठी मानके आली. २०१२ आणि २०२२ मध्ये ती सुधारण्यात आली.

सज्जतेने काय साधते, याचे उदाहरण जबलपूरच्या शेजारीच आहे. आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९८४ पासून जबलपुरात आहे. तिच्या सहभागाने २०१७ मध्ये मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. सूत्र साधे होते. तापाचा रुग्ण शोधायचा, तपासायचा, उपचार द्यायचे आणि पुन्हा पाठपुरावा करायचा. त्यासाठी तपासणीचे किट आणि गोळ्या गावपातळीवर सतत हाताशी हव्यात, यावर भर होता. सुमारे तीन वर्षांत रुग्णसंख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. हे यश नव्या इमारतींनी दिलेले नाही.

उलट बाजूही जबलपूरनेच दाखवली. १ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. अग्निसुरक्षेच्या तात्पुरत्या परवानगीची मुदत मार्चमध्येच संपल्याचे नंतर पुढे आले. शहरातील रुग्णालयांच्या मोजणीत त्या खाटा ‘उपलब्ध’ होत्या.

आता देशाचे चित्र पाहू. २०२४ मध्ये केंद्र शासनाने मानकांनुसार करविलेल्या स्वयंमूल्यमापनाचे आकडे प्रसिद्ध झाले. ४०,४५१ संस्थांपैकी ८,०८९ संस्थांना ८० टक्के वा अधिक गुण मिळाले. १७,१९० संस्था ५० टक्क्यांच्याही खाली होत्या. हे स्वतःच स्वतःला दिलेले गुण आहेत आणि त्यांत देशातील सर्व संस्था नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही शासनाने आपल्याच संस्थांची उणीव मोजून मांडली, हे पाऊल स्वागतार्ह आहे.

याउपर एक सुधारणा कोणताही जिल्हाधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी नव्या निधीविना करू शकतो. मासिक आढाव्याच्या तक्त्यात ‘क्ष-किरण यंत्र आहे काय?’ असे न विचारता ‘गेल्या महिन्यात ते किती दिवस चालले?’ असे विचारावे. ‘सर्पदंशाची लस आहे काय?’ ऐवजी ‘किती दिवस साठा शून्य होता?’ असे विचारावे, आणि दहातल्या एका केंद्रात न कळवता जाऊन उत्तर पडताळावे. पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणून सुटता येते. दुसऱ्याला आकडा द्यावा लागतो. प्रशासनात आपण जे विचारतो, तेच खालची यंत्रणा सांभाळते. दीर्घकाळ आपण इमारती विचारल्या आणि इमारती मिळाल्या. आता उपचार विचारायला हवेत.