वाऱ्याची वाट



घराचा इतिहास आपण भिंतींवरून लिहितो. मला आज तो भिंतींमधल्या पोकळीवरून सांगावयाचा आहे.

प्राचीन रोमन लोक घर उबदार राखण्यासाठी जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून घेत. भट्टीतील तापलेली हवा त्या पोकळीतून फिरे आणि भिंतींत बसविलेल्या पोकळ विटांतून वर निघून जाई. वरची वाट तुंबली की भट्टी कितीही पेटविली तरी व्यर्थ.

बडोद्यास ऊब नको, गारवा हवा. परंतु नियम तोच. गायकवाडी अमलात येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी चौकाचे वाडे बांधले. तापलेली हवा चौकातून वर जाई, तिची जागा घेण्यास सावलीतील हवा दारांतून आत येई. सयाजीराव महाराजांचा लक्ष्मीविलास राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांनी आखला. १८८१ साली त्यांचे निधन झाले. पुढे रॉबर्ट चिझम यांनी तो १८९० मध्ये पूर्णत्वास नेला. त्या भव्य प्रासादातही मोकळे चौक राखलेले आहेतच.

हेच शास्त्र आपल्या तांब्याच्या बंबात होते. खाली जाळी, मधल्या नळीत निखारे, वर उघडे तोंड. राख साचली की बंब धुमसे. मग फुंकून उपयोग नसे. राखच काढावी लागे.

हे सारे ठाऊक असूनही मी चुकलो. पावसाची कटकट नको म्हणून आमच्या चौकावर पत्रे घालण्याचा हट्ट मीच धरला. धूर माजघरात रेंगाळू लागला, आईचा खोकला बळावला. पंखा आणला, त्याने धूर फिरला, गेला नाही. अखेर मधले दोन पत्रे काढले. त्या संध्याकाळी देवापुढच्या समईकडे पाहत आई एवढेच म्हणाली, “ज्योत हलतेय बघ.”

आज जुने वाडे पडत आहेत, नवी घरे यंत्राच्या गारव्यासाठी बंद होत आहेत. काळाला माझा विरोध नाही. आपण घर बांधाल किंवा दुरुस्त कराल, तेव्हा गवंड्याला दोनच प्रश्न विचारा: वारा येणार कोठून आणि जाणार कोठून? आपल्या पूर्वजांनी दुसरा प्रश्न कधी विसरू दिला नाही. तो विसरल्याची किंमत मी घरातच मोजली आहे.