मुख्याध्यापकाने बोलायचे कुठे?

सरकारी नोकरी धरली की तोंडाला कुलूप, हे अमेरिकेत बराच काळ गृहीतच होते. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एका पोलिसाला सुनावले, की राजकारणावर बोलायचा हक्क तुला असेलही, पण पोलिसात राहण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला नाही. हे चित्र बदलले १९६८ च्या पिकरिंग खटल्याने. इलिनॉयमधल्या मार्विन पिकरिंग या शिक्षकाने स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून, कर्जरोखे आणि करवाढ मागणारे शाळा-मंडळ खेळांवर एवढा खर्च का करते, असे विचारले होते. मंडळाने त्याला काढले; सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी घटनाबाह्य ठरवली. शिक्षकांच्या स्वातंत्र्याची सनद म्हणून हा निकाल सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी दिलेले एक कारण सहसा नजरेतून सुटते. पिकरिंगचा मंडळाशी किंवा सुपरिंटेंडेंटशी (मंडळाच्या हाताखालच्या शाळांचा प्रमुख प्रशासक) रोजचा निकटचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्या पत्राने कामातला सलोखा बिघडत नव्हता. म्हणजे त्याला तारले ते वरिष्ठांपासूनच्या अंतराने. सुपरिंटेंडेंट आणि मुख्याध्यापक यांच्यापाशी हे अंतर मुळातच नसते. कारभाराच्या जो जितका जवळ, त्याच्या शब्दाला तितके कमी संरक्षण, ही पुढची सारी वाटचाल माझ्या मते त्या उदार निकालातच दडलेली होती.

मध्ये एक वळण आले. मिसिसिपीतल्या बेसी गिव्हन या कृष्णवर्णीय शिक्षिकेने शाळेतल्या वंशभेदाची तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे, चार भिंतींच्या आत केली आणि १९७१ मध्ये नोकरी गमावली. तक्रार खासगीत केली म्हणून संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एकमताने ठरवले. २००६ च्या गार्सेटी निकालाने या उमेदीला चांगलीच कात्री लावली. खटला लॉस एंजेलिसच्या एका सरकारी वकिलाचा होता. पाच विरुद्ध चार मतांनी निघालेला नियम असा, की नोकरीचे कर्तव्य म्हणून केलेले बोलणे नागरिकाचे बोलणे नव्हे आणि त्याला घटनेचे कवच नाही.

शाळेच्या प्रशासकाला हा नियम कसा लागला ते न्यू मेक्सिकोतल्या लास व्हेगास या गावात (जुगाराचे ते शहर वेगळे) दिसते. सुपरिंटेंडेंट बार्बरा केसी यांना आढळले, की गरीब बालकांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ या केंद्रीय योजनेत नोंदलेल्या कुटुंबांपैकी निम्म्यापर्यंत कुटुंबे उत्पन्नाच्या अटीत बसत नसावीत. मंडळाने त्यांना हा विषय सोडून द्यायला सांगितले. त्यांनी तो केंद्राच्या कार्यालयाला कळवला. मंडळ जाहीर बैठकांचा कायदा मोडते, अशी तक्रारही त्यांनी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे केली. आधी पदावनती झाली, मग नेमणूक संपली. २००७ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ‘हेड स्टार्ट’चा अहवाल केसींच्या कामाचाच भाग मानला, म्हणून त्याला संरक्षण नाही; ॲटर्नी जनरलकडे जाणे त्यांच्या कामात येत नव्हते, म्हणून तेवढा दावा टिकला. नेमून दिलेले काम चोख केले तिथे राज्यघटना मागे सरली, आणि नेमून न दिलेले केले तिथे पुढे आली. कोणत्याही मंडळाला खरे तर तक्रार आधी आतच यावी असे वाटायला हवे. हा नियम जाणकार अधिकाऱ्याला नेमका बाहेर पिटाळतो.

मंडळाची बाजू पोकळ नाही. बहुतेक ठिकाणी ते लोकांनी निवडलेले असते. त्याचे धोरण राबवणाऱ्यानेच ते जाहीरपणे उधळायचे ठरवले, तर मतदारांच्या कौलाला अर्थ काय उरला? शाळा कशी चालवावी यावरच्या वादात हे म्हणणे मलाही पटते. पण केंद्राच्या पैशाची अट मोडणे हे कुठल्याच मंडळाचे धोरण असू शकत नाही. गार्सेटी निकालाने आणखी एक उत्तर देऊन ठेवले होते: गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी वेगळे कायदे आहेतच. आहेत खरे, पण ते राज्याराज्यांत वेगळे, आणि विधिमंडळाने दिलेले संरक्षण विधिमंडळ काढूनही घेऊ शकते. २०१४ च्या लेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थोडे दार उघडले. अलाबामातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या कार्यक्रम-संचालकाने, कामावर न येता पगार घेणाऱ्या लोकप्रतिनिधीविरुद्ध न्यायालयात शपथेवर साक्ष दिली होती. त्या साक्षीला संरक्षण मिळाले; त्याला काढणाऱ्या कॉलेज-अध्यक्षावर मात्र, कायदा तेव्हा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून, व्यक्तिशः भरपाईचा बोजा पडला नाही. आणि साक्ष देणे हेच ज्यांचे नेहमीचे काम आहे त्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम पुढे ढकलला.