कोल्हापूरला मॅच बघायला जायचं, पण कुणाच्या बाजूने?

मुलुंडहून कोल्हापूर साधारण पावणेचारशे किलोमीटर. ऐरोलीचा पूल ओलांडायचा, ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली गाठायची, एक्सप्रेसवे धरायचा, पुण्याला बायपासने बगल द्यायची, मग खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका आणि कोल्हापूर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा टोल कारला माफ झाला म्हणून फार खूश होऊ नका. पुढे खालापूर, तळेगाव, खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी अशी सगळी मंडळी आपली वाट बघत बसलेली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापूरला अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, मिसळ, तांबडा-पांढरा यासाठी लोक जातात. फुटबॉलसाठी कोण जातं? आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्येही हाच प्रश्न आला. रविवारी रात्री दोन वाजेपर्यंत जागून मँचेस्टर आणि लिव्हरपूल बघणारी ही मंडळी. पण आपल्याच राज्यात, गाडीने सात-आठ तासांवर एक शहर आहे, जिथे गल्लीतल्या दोन संघांच्या मॅचला स्टेडियम भरतं, हे त्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं.

तारीख ठरवणं तसं सोपं. कोल्हापूरचा हंगाम ढोबळमानाने हिवाळा ते उन्हाळा. पावसाळ्यात जायचंच नाही, कारण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा रस्ता बंद झाला होता. गाडी ठरली, ड्रायव्हिंगच्या पाळ्या ठरल्या. अडलं ते एका साध्या प्रश्नावर : "आपण सपोर्ट कुणाला करायचा?"

आणि इथेच हा निबंध सुरू होतो. :)

संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. बालगोपाल तालीम. दिलबहार तालीम. शिवाजी तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लब. युनायटेड नाही, सिटी नाही. फुटबॉलच्या संघाच्या नावात चक्क 'तालीम'! म्हणजे कुस्तीचा आखाडा, लाल माती, लंगोट, जोर-बैठका. हा काय प्रकार आहे?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कोल्हापूर ही करवीर संस्थानची राजधानी झाली ती १७८२ मध्ये, गादी पन्हाळ्यावरून खाली आली तेव्हा. पुढे पेठा वाढल्या आणि पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. तालीम म्हणजे आजच्या भाषेतली जिम असं समजू नका. पोरांचा दिवस तिथे सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. गणपती तालमीचा, मोहरमचे पंजे तालमीचे (कोल्हापुरात हिंदू पोरांनी पंजे बसवणं ही काही बातमी नसते, बाबूजमाल तालमीत तर दोन्ही सण एकत्र आले की गणपती आणि पंजा शेजारी-शेजारी असतात), भांडण झालं तर मिटवायला तालीम आणि करायलाही तालीमच.

१८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि कुस्तीला सोन्याचे दिवस आले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले, त्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागृह पाहून आले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतलं. ते १९१२ मध्ये पुरं झालं. मधोमध खोलगट हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठूनही बसा, कुस्ती स्वच्छ दिसते. थोडक्यात, पैलवानावर हजारो लोकांनी एकदम ओरडायची सवय या शहराला शंभर वर्षांपूर्वीच लागलेली होती.

फुटबॉल आला तो संस्थानी काळात. राजघराण्याचा त्याला आश्रय होता आणि आजही कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे के.एस.ए., आणि छत्रपती घराणं हे नातं टिकून आहे. पण राजाश्रयाने खेळ सुरू होतो, तो रस्त्यावर उतरतो असं नाही. संस्थानिकांनी क्रिकेट, पोलो, टेनिस असे कितीतरी खेळ आणले. त्यातले किती गल्लीत आले?

फुटबॉल तालमीत का शिरला, याबद्दल माझा अंदाज असा. पैलवान घडवायला काही वर्षं जातात आणि दूध-बदाम-तुपाचा खुराक घरच्यांचं कंबरडं मोडतो. शिवाय एका वेळी हौद्यात उतरतात दोघंच. फुटबॉलला एक चेंडू लागतो आणि पेठेतली अकरा पोरं एकदम उतरतात. ताकद होती, मैदान होतं, आणि शेजारच्या पेठेशी वैर तर पिढीजात होतं. नवीन काही उभारायची गरजच पडली नाही. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, जुन्याच सर्व्हरवर नवीन ॲप्लिकेशन चढवलं.

पण खरी परीक्षा नंतर होती. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला की राजाश्रयावरचे खेळ मरतात हा सर्वसाधारण नियम. कोल्हापुरात काय झालं ते समजून घ्यायला वाटेत कराडला थांबा. कराडच्या अगदी जवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. खाशाबा जाधवांचं गाव.

खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाची सोय कोल्हापूरच्या महाराजांनी केली. तिथे ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा संस्थान उरलं नव्हतं. मग गावोगाव वर्गणी जमली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ मेडल आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण सगळ्यांनी प्रेरणादायी म्हणून ऐकलेली असते. मला मात्र त्यातली चार वर्षं महत्त्वाची वाटतात. १९४८ ला राजा पैसे देतो, १९५२ ला लोक देतात. खेळाचा मालक बदलला आणि खेळ थांबला नाही.

फुटबॉलचंही मला तसंच दिसतं. राजाश्रयाच्या जागी पेठ आली. पेठेतले दुकानदार, माजी खेळाडू, नगरसेवक, घरोघरची वर्गणी. जो गणपतीला पावती फाडतो तोच संघाला बूट घेऊन देतो.

आता याच्या शेजारी आपली मुंबई ठेवून बघा. रोव्हर्स कप मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाला, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचं राज्य. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला आणि पहिल्यांदा कप भारतीय संघाकडे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचाच. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र असे एकाहून एक संघ कूपरेजवर खेळून गेले.

ही नावं पुन्हा वाचा. सगळ्या कंपन्या. खेळाडूला नोकरी मिळायची, पगार मिळायचा, घर चालायचं, ही फार मोठी गोष्ट होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण संघ हा कंपनीच्या हिशोबाच्या वहीतली एक ओळ होता. ती ओळ खोडली की संघ संपला. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. चार वर्षांपूर्वीचा देशाचा विजेता संघ गायब! आणि मुंबईत त्यासाठी मोर्चा निघाला नाही, कुणी चूल बंद ठेवली नाही. का निघावा? तो संघ मुलुंडचा नव्हता, परळचा नव्हता, वांद्र्याचा नव्हता. पुढे २०१४ ला मुंबई सिटी आली, दोनदा आय.एस.एल. जिंकली. चांगलं झालं. पण आमच्या सोसायटीत खाली खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर अजूनही बार्सिलोनाच दिसतो. अंधेरीपेक्षा बार्सिलोना जवळ, कारण तो टीव्हीवर असतो.

म्हणून "आपण कुणाच्या बाजूने?" हा प्रश्न कोल्हापुरात फार विचित्र होऊन बसतो. तिथे संघ निवडायचा नसतो, तो पत्त्यावर लिहिलेला असतो. शिवाजी पेठेत जन्मलात की मंगळवार पेठेत, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल लागतो. आम्ही मुलुंडकर तिथे कायमचे पाहुणेच.

इथपर्यंत वाचून 'वा, काय ते कोल्हापूर' असं वाटत असेल तर जरा थांबा. ज्या आपलेपणाने हा खेळ जिवंत ठेवला, त्याच आपलेपणाने त्याची डोकेदुखीही केली आहे. मॅच पेठेची असली की हार पेठेची होते. मग गॅलरीतून बाटल्या, स्टेडियमबाहेर दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, गुन्हे दाखल, सामने स्थगित, हे कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांना नवीन नाही. पोलीस केस झालेल्या पोराला उद्या नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर घोषणा देणारी पेठ त्या टेबलासमोर उभी नसते.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. एवढं प्रेम, एवढी गर्दी, आणि देशाच्या संघात कोल्हापूरचे किती? २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. अख्ख्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. पण तो घडला पुण्यात, क्रीडा प्रबोधिनीत. लहान वयात घर सोडून गेला म्हणून ती शिडी त्याला सापडली. तालमीतल्या पोराला पेठेची शान राखायची असते, एकामागून एक चषक खेळायचे असतात. त्यात आता हंगामापुरते बाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही खेळाडू आणले जातात. आपली पेठ जिंकावी म्हणून परका स्ट्रायकर आणायचा, आणि पेठेतला पोरगा बाकावर! पुरुषांच्या तालमींपेक्षा वेगळी वाट महिलांनी दाखवली. एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ २०१८-१९ मध्ये राष्ट्रीय महिला लीगमध्ये शहराच्या नावाने उतरला. पेठेच्या नव्हे, शहराच्या. हा फरक लहान नाही.

मग उपाय काय, तालमी मोडून सगळं कंपनीकडे द्यायचं? ते मुंबईने करून बघितलंय, निकाल वर लिहिलाच आहे. माझ्या मते तालमीने तालीमच राहावं, पण बारा-तेरा वर्षांचं गुणी पोर दिसलं की त्याला धरून ठेवू नये. त्याला बाहेर पाठवणं ही पेठेची शान समजावी. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते खाशाबांनी कोल्हापुरातच कुस्त्या माराव्यात म्हणून नव्हे, हेलसिंकीला जावं म्हणून. कोल्हापूरला हे बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही, स्वतःचाच इतिहास पुरेसा आहे.

असो. तर प्लॅन असा. शनिवारी पहाटे चारला मुलुंड सोडायचं, म्हणजे घाटात ट्रकांच्या मागे अडकायला होत नाही. कराडला चहा, जमल्यास गोळेश्वर. सातारा-कागल रस्त्याच्या रुंदीकरणाने गेल्या काही वर्षांत वेळेचं गणित बिघडवलंय, तेव्हा एक तास जादा धरा. कोल्हापुरात पोचल्यावर आधी मिसळ, मग खासबाग. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, शाहू महाराजांच्याच काळातली १९१५ ची वास्तू ती. तिच्यापाशी दोन मिनिटं थांबा. तिथून शाहू स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. मॅचच्या वेळेआधी तासभर पोचा, नाहीतर जागा विसरा.

आणि सपोर्टचं म्हणाल, तर आमच्यात ठरलंय : जर्सी घालायची नाही, झेंडा घ्यायचा नाही, चांगल्या पासला दोन्हीकडून टाळ्या वाजवायच्या. शेजारच्याने "पाहुणं, कुठल्या पेठेचं?" विचारलं तर खरं सांगायचं, मुलुंडचे. तो हसेल, आणि मग पुढचा तासभर आपल्या संघाचा इतिहास ऐकवेल. तो ऐकायलाच तर चाललोय.

फक्त के.एस.ए.चं वेळापत्रक बघितल्याशिवाय रजा टाकू नका. हुल्लडबाजीमुळे सामना पुढे ढकलला गेला, तर पावणेचारशे किलोमीटर जाऊन नुसती मिसळ खाऊन परत यावं लागेल. अर्थात तीही काही वाईट नसते म्हणा!